पाऊण नर्स आणि पूर्ण हप्ता

बँकेतला माणूस लिहायला बसला म्हटल्यावर तुमच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसतंय. दरोडा. बनावट नोटा. लॉकरमधून गायब झालेला राणीहार. निदान कॅशियर तरी पळून गेला असेल. तर आधीच सांगतो, यातलं काही नाही. आमच्या कॅशियरला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची, तो पळणार कुठं? या गोष्टीत एक टेलर आहे, त्याची पोरगी आहे, एसटीचा एक कंट्रोलर आहे आणि मी आहे. पैसे सगळे वेळेवर परत आले. बँकेच्या हिशेबानं ही चांगल्या शेवटाची गोष्ट आहे. हिरमोड झाला असेल तर पान उलटा.

राहिलात? बरं. मग ऐका.

तर माझ्या टेबलासमोर दिनकर टेलर बसलेत. बसलेत म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकलेत. बँकेच्या खुर्चीत मागं रेलून बसलं तर व्याज वाढतं असं आमच्या कोडोलीत बऱ्याच जणांना वाटायचं. शेजारी त्यांची थोरली, सुजाता. बारावी सायन्स झालेली. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. साल दोन हजार दोन, जून महिना. मी कोडोली ब्रँचला क्लार्क. मलकापूरच्या हायस्कुलात शिकलेला, वय चोवीस, आणि नकलाकार. नकला हा मूळ धंदा, बँक जोडधंदा. मॅनेजर, शिपाई, पेन्शनला येणारे गुरुजी, सगळे माझ्या घशात होते. स्टाफ मला रेडिओ म्हणायचा. लोनचं टेबल मला दिलं तेही त्यामुळंच असणार. कर्ज मागायला आलेला माणूस घाबरलेला असतो. त्याला हसवलं की तो खरं बोलतो.

टेलरनी सरळ विचारलं, "साहेब, कर्ज काढून पोरगी नर्स करू, का बिनकर्जाची नर्स करू? तेवढं सांगा."

भानगड अशी होती. नर्स व्हायचे दोन रस्ते. एक जीएनएम, म्हणजे डिप्लोमा. तीन-साडेतीन वर्षं. सरकारी दवाखान्याला जोडलेल्या शाळेत नंबर लागला तर फी किरकोळ, वर हातखर्चाला थोडे पैसे. दुसरा बीएस्सी नर्सिंग, म्हणजे डिग्री. चार वर्षं. कोल्हापुरातल्या खाजगी कॉलेजात फी आणि होस्टेल धरून वर्षाला साठ हजार. सुजाताचा नंबर दोन्हीकडं लागलेला. आठवड्याभरात ठरवायचं होतं.

मी विड्रॉल स्लिप उलटी केली आणि पाठीवर आकडे मांडले. चार वर्षांचे दोन लाख चाळीस. आता शिक्षणकर्जात हप्ता लगेच सुरू होत नाही. शिक्षण संपल्यावर एक वर्ष, किंवा नोकरी लागल्यावर सहा महिने, जे आधी येईल तोवर बँक थांबते. याला मोराटोरियम म्हणतात. लोकांना वाटतं, वा, काय सवलत आहे. सवलत आहेच. पण ती रिक्षा थांबवल्यासारखी सवलत असते. रिक्षा थांबलेली, मीटर चालू. व्याज चढतच असतं. त्या मीटरनं सुजाताला नोकरी लागेपर्यंत सव्वातीन लाखांवर आकडा गेला असता. सात वर्षांत फेडायचा तर महिन्याला साडेपाच हजार. आणि तेव्हा कोल्हापुरातल्या खाजगी दवाखान्यात नव्या नर्सला पगार किती? चार हजार. डिग्री असली तर डॉक्टर फार तर एक चहा जास्त पाजणार.

"म्हंजी पगार चार आन हप्ता साडेपाच," टेलर म्हणाले. "मग खायाचं काय?"

"म्हणून म्हणतो टेलर, जीएनएम घ्या. सरकारी भरती निघाली तर डिप्लोमावाली आणि डिग्रीवाली एकाच रांगेत उभ्या असतात."

सुजातानं वाकून स्लिप वाचली. मग म्हणाली, "सर, सलाईन दोघी बी लावत्यात. पर शिकवायचं आसंल तर डिग्री लागती. मला ट्यूटर व्हायचं हाय. नर्सिंगच्या पोरींस्नी शिकवायचं. कॉलेजं लई निघालीत आता, शिकवायला माणूस घावंना झालंय. मी चौकशी करून आलोय."

मी करून आलोय. आमच्याकडं पोरी बोलतात असं, तिकडं पुण्यात कुणी दचकायचं नाही. मला ती आवडली. म्हणजे तसं नाही. कर्ज मागायला येणारी बहुतेक पोरं बापाकडं बघत बसायची. ही माझ्या स्लिपकडं बघत होती.

मग मी दुसरा हिशेब मांडला. आजही मला त्या हिशेबाचा अभिमान आहे, म्हणून सांगतो. शिकत असतानाच महिन्याच्या महिन्याला नुसतं व्याज भरलं तर मूळ कर्ज फुगत नाही. दोन लाख चाळीसला दोन लाख चाळीसच राहतात. वर बँक व्याजात एक टक्का सूट देते. मग हप्ता येतो चार हजारांच्या आसपास. पहिली दोन वर्षं दवाखान्यात ओढाताण होईल, पण ट्यूटर झाली की पगार हप्त्याच्या पुढं जातो. प्रश्न एवढाच की चार वर्षं व्याज भरायचं कशातनं.

"म्हशी किती?" मी विचारलं.

"दोन हाईत. एक आटलीया."

डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी बँकेतच जमा व्हायचं. पहिल्या वर्षी व्याज पाचशे-साडेपाचशे, शेवटच्या वर्षी दोन हजारांच्या वर. सुरुवातीला एका बिलात भागणार, नंतर दुधाच्या जोडीला शाळेच्या गणवेशांची शिलाई. टेलरनी बोटांवर मोजलं, परत मोजलं, आणि पोरीकडं बघून म्हणाले, "जमंल. तू मार्कं तेवढी पाड."

इथवर सगळं बरोबर होतं. गणितात चूक नव्हती, आजही नाही. चूक पुढच्या वाक्यात झाली. ते वाक्य मी रोज दहा जणांना म्हणायचो, त्यामुळं ते चूक आहे असं वाटलंच नाही.

"जामीनदार कोण देताय?"

जामीनदार म्हणजे, कर्जदारानं पैसे भरले नाहीत तर मी भरतो, अशी सही करणारा माणूस. आता खरं सांगायचं तर एवढ्या रकमेच्या शिक्षणकर्जाला नियमात जामीनदार लागत नव्हता. पण आमच्या ब्रँचची रीत वेगळी. मॅनेजर हेगडे साहेब कारवारकडचे. माणूस देवमाणूस, पण बुडीत कर्जाचा धसका घेतलेला. पगारदार जामीनदार नसलेली फाईल ते उघडायचे, बघायचे आणि टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवायचे. डाव्या बाजूला गेलेली फाईल दिवाळीपर्यंत तिथंच राहायची. आम्ही सगळे त्या रीतीला नियमच म्हणायचो. मी टेलरना सांगू शकलो असतो की नियमात लागत नाही, साहेबांशी वाद घालू या. पण कॉलेजला आठवड्यात पैसे पाहिजे होते. वाद घालण्यापेक्षा सही आणणं सोपं.

"नात्यात पर्मनंट पगारवालं कोण?"

"दाजी हाईत की," टेलर म्हणाले. "कोल्हापूर स्टँडला कंट्रोलर."

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. राहायला कळंब्याला. मी म्हटलं, झालं की मग.

सुजाता म्हणाली, "दुसरं कुणी चालंल का, सर?"

मी म्हणालो, "चालंल की. मुख्यमंत्री वळखीचं हाईत काय?" ती हसली नाही. टेलर हसले. मी पुढच्या कागदाला लागलो.

कर्ज मंजूर करायच्या आधी हेगडे साहेब विद्यार्थ्याशी बोलायचे. पोरं तिथं ततपप करायची. म्हणून मी सुजाताची तालीम घेतली. डब्याच्या खोलीत तिला समोर बसवलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि साहेबांच्या आवाजात सुरू झालो. "काय हो बाळ, तुम्ही नर्स होणार, अल्वा? मग पेशंट बरा होणार. मग पेशंट घरी जाणार. मग बँकेचा पैसा कोण देणार, अल्वा?" अल्वा म्हणजे कन्नडमध्ये 'हो की नाही'. साहेबांचं एकही वाक्य त्याच्याशिवाय संपायचं नाही. तिला एवढं हसू आलं की तोंडाला पदर लावून टेलरपण हसायला लागले. पदर नव्हता, खांद्यावरची टेप होती, तीच तोंडाला लावली. दुसऱ्या दिवशी खऱ्या साहेबांनी जवळजवळ तेच विचारलं आणि पोरीनं धडाधड उत्तरं दिली. केबिनमधून बाहेर येऊन मला म्हणाली, "सर, तुमच्यापेक्षा सायेब बरं हाईत."

सहीच्या दिवशी कंट्रोलर आले. खाकी कपडे, खिशाला शिट्टी, चालणं असं की सगळी बँक म्हणजे फलाट. बोलले की वाटायचं, आता गाडी सुटणार. स्टँडवर माईकवर बोलून बोलून आवाज नाकात जाऊन बसलेला. माझ्यासारख्याला असा माणूस म्हणजे मेजवानी. मी सहीच्या जागा दाखवत होतो आणि मनात त्यांचा आवाज भरून घेत होतो.

सह्या झाल्या. पेनाला टोपण लावत ते मोठ्यांदा म्हणाले, "करा, करा सही म्हनत हुता न्हवं? केली. काय पोरगी बाहीर जानार हाय व्हय? माझ्याच घरात येनार. सुनंला सासऱ्याचा जामीन, बँकेला आनि काय पायजे?"

आमच्या भागात मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क धरतात. कायद्यात नाही, बोलण्यात. त्यांचा पोरगा संदीप टेलरचा भाचा. ब्रँचमधले सगळे हसले. शिपाई म्हणाला, "साहेब, घरात विंजेक्शन फुकट आता." मी सगळ्यात मोठ्यांदा हसलो. टेलरही हसले, पण दाजी बोलल्यावर मेव्हणा हसतो तसं. आपली बहीण ज्याच्या घरात नांदते त्याच्यापुढं माणूस दुसरं काय करणार? सुजाता खांबाजवळ उभी होती. तिनं पिशवीचे बंद आणखी एकदा बांधले.

कर्ज वाटप झालं. शिक्षणकर्जाचे पैसे हातात देत नाहीत, दरवर्षी कॉलेजच्या नावानं डिमांड ड्राफ्ट निघतो. आदल्या वर्षीचा निकाल दाखवायचा, पुढचा ड्राफ्ट न्यायचा. त्यामुळं वर्षातून एकदा तरी सुजाता यायची. पहिलं वर्ष फर्स्ट क्लास. दुसरं वर्ष फर्स्ट क्लास. कॉलेजातल्या गमती सांगायची. प्लॅस्टिकच्या बाहुल्याला अंघोळ घालायला शिकवतात म्हणे, आणि बाहुल्याला "आजोबा, आता कुशीवर वळा" असं बोलावं लागतं, नाहीतर मार्क कापतात. मी लगेच बाहुल्याचा आवाज काढला, "पाणी गार हाय गं बाय." ती म्हणाली, "सर, हे आमच्या मॅडमना दाखवायला पायजे. परीक्षेला तुम्हालाच झोपवतो." टेलर महिन्याच्या महिन्याला व्याज भरायचे. एकदा म्हैस व्याली नाही तर शिलाई मशीनची मोटार विकून भरलं, पायानं मशीन चालवलं, पण तारीख चुकली नाही.

तिसऱ्या वर्षाच्या मार्चमधली गोष्ट. शनिवार. शनिवारी बँक अर्धा दिवस. गिऱ्हाईक संपलेलं, जाळीचं दार अर्धं ओढलेलं. मधल्या टेबलावर पेपर पसरून भडंग ओतलेलं आणि मार्चअखेरीच्या कामानं सगळे पिचलेले. कॅशियर म्हणाला, "रेडिओ, काहीतरी लाव की मर्दा."

मी म्हटलं, काय लावू?

"कंट्रोलर लाव."

हे माझं त्या साली गाजलेलं. मी स्टीलचा ग्लास तोंडाला लावला, नाकात आवाज घेतला आणि सुरू केलं. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. कोडोलीवरून सुटणारी, नर्सिंग कॉलेजमार्गे कळंब्याला जाणारी सूनबाई फलाट क्रमांक एकवर लागत आहे. गाडीला मधे कुठंही थांबा नाही. मामांनी आपली पोरगी स्वतःच्या जबाबदारीवर चढवावी."

कॅशियर खोकत खोकत हसला. हसणं थांबेना. मग शिपायाचं हसणं मधेच तुटलं म्हणून मी मागं बघितलं. जाळीच्या दारात दिनकर टेलर उभे होते.

किती वेळ उभे होते माहीत नाही. कपाळावर घाम, टोपी हातात. मला तेव्हा वाटलं, व्याज भरायला आलेत आणि काउंटर बंद झालाय. गडबडलो. गडबडल्यावर माणूस जे हातात आहे तेच वापरतो. ग्लास हातात होता. मी कंट्रोलरच्याच आवाजात म्हणालो, "टेलर, आजची गाडी गेली. सोमवारी या."

ते म्हणाले, "न्हाय, न्हाय. आसंच आलतो." आणि गेले.

सोमवारी ते आले नाहीत. व्याज दुसऱ्याच कुणाच्या तरी हातानं आलं. मी विचारलंही नाही.

मे महिन्यात लग्नाची पत्रिका आली. आख्खी ब्रँच लग्नाला गेली. आम्ही आहेरात स्टीलचा डबा दिला. संदीप पोरगा वाईट नव्हता, कळंब्यात स्पेअरपार्टच्या दुकानात कामाला. स्टेजवर चढून मी सुजाताला म्हणालो, "जूनमध्ये ड्राफ्टला या. शेवटचा राहिलाय."

"बघू, सर," ती म्हणाली.

जून गेला, जुलै गेला, ड्राफ्टला कोणी आलं नाही. ऑगस्टमध्ये कळलं की शेवटच्या वर्षाला नाईट ड्युटी असते, होस्टेलवर राहावं लागतं, आणि नवी सून होस्टेलवर कशी ठेवायची म्हणून कॉलेज पुढच्या वर्षावर टाकलंय. पुढच्या वर्षी ती बाळंत झाली. त्याच्या पुढच्या वर्षी कॉलेजनं नाव काढून टाकलं.

आता इथं जरा समजून घ्या, कारण बाहेरच्याला हे लक्षात येत नाही. चारातली तीन वर्षं झाली म्हणजे पाऊण नर्स झाली, असं नसतं. नर्सिंगची नोंदणी असते. डिग्री पूर्ण झाल्याशिवाय नोंदणी नाही, नोंदणीशिवाय दवाखान्यात नोकरी नाही. साडेतीन वर्षांचा डिप्लोमा केलेली पोरगी नर्स असते. डिग्रीची तीन वर्षं केलेली पोरगी बारावी पास असते. कर्जाला मात्र हा नियम नाही. कर्ज तीन वर्षांचं झालं, एक लाख ऐंशी हजार, आणि शिक्षण मोडलं म्हणून हप्ता लगेच सुरू झाला. तीन हजार आणि वर थोडे. मी स्लिपवर पगार आणि हप्ता समोरासमोर मांडले होते. पगाराच्या बाजूला शून्य आलं तर काय, ते मांडलं नव्हतं.

हप्ता कंट्रोलर भरायचे. एकदाही चुकला नाही. हेगडे साहेब बदली होऊन जाताना नव्या मॅनेजरला ते खातं दाखवून म्हणाले, "असं अकाउंट पाहिजे, अल्वा?"

दर तीन वर्षांनी बँक कर्जदाराची आणि जामीनदाराची परत सही घेते. कर्ज मान्य आहे, बाकी मान्य आहे, एवढंच. मुदत संपली की कोर्टात कागद टिकत नाही म्हणून. पहिल्या वेळी कंट्रोलर ब्रँचला येऊन सही करून गेले होते. दोन हजार आठ साली मी म्हटलं, मी राहतो कोल्हापुरातच, जाता जाता कळंब्याला जाऊन येतो.

दिनकर टेलर मागच्या वर्षी वारले. नाहीतर पुढचं मी लिहिलं नसतं.

घर तलावाच्या अंगाला. कंट्रोलर ड्युटीवर निघायच्या तयारीत होते. सुजाता चहा ठेवायला आत गेली. दोन वर्षांची पोरगी दारात बसून झाकणात माती कालवत होती. कंट्रोलरनी सही केली आणि म्हणाले, "ह्यातनं मी कवा सुटनार, पावणं?"

मी आपला नेहमीसारखा, "कर्ज फिटल्याबिगर न्हाय. जामीन एकदा दिला की काढून घेता येत न्हाय, दाजी. मधल्या स्टॉपला उतरायची सोय न्हाय ह्या गाडीला."

"ते ठावं हाय मला," ते म्हणाले, आणि घाईनं चपला घालून गेले. चहालाही थांबले नाहीत.

सुजाता चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"सर, ह्यो नियम कवापास्नं हाय?"

"कुठला?"

"जामीन काढून घेता येत न्हाय, ह्यो."

"पहिल्यापास्नं. सगळ्याच बँकेत."

तिनं कप खाली ठेवला. सांडला थोडा. ती पुसायला वाकली नाही, यावरून मला कळलं की काहीतरी झालंय.

"मग आबा काय विचारून आलते तुमास्नी?"

मी म्हणालो, "टेलर? कधी?"

मग तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही, आत आत्या भाकरी थापत होती. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी मामंजींनी आबांना बोलावून घेतलं होतं. मेमध्ये लग्न करा. नाहीतर बँकेत जाऊन जामीन काढून घेतो. मग बँक पुढचा ड्राफ्ट देणार नाही आणि आधीचं सगळं कर्ज एकदम मागणार. आबांना बँकेचं काय कळतंय? ते घाबरले. "मीच म्हटलं आबास्नी, बँकेत जाऊन विचारून या. ते सर हसवत्यात, पर खरं सांगत्यात. शनवारी आलते ते. परत आलं आन भितीकडं तोंड करून निजलं. मी म्हटलं, काय म्हणालं सर? तर म्हणालं, बँकेत सगळ्यास्नी ठावं हाय. तितं ठरल्यागतच हाय. माईकवर सांगाय लागल्यात."

बोलायला आवाज कुणाचा काढायचा?

"दुसरा जामीनदार चालला आस्ता?" तिनं विचारलं.

"चालला अस्ता."

"आन बिनजामिनाचं?"

खोटं बोलता आलं असतं. ते मला जमतं. पण मी म्हणालो, "नियमात लागतच नव्हता. आमच्या ब्रँचची रीत होती ती."

आता मी कुणाचीही सही घ्यायच्या आधी कर्जदाराला आणि जामीनदाराला शेजारी शेजारी बसवतो. जामीन लागतो का, कशाला लागतो, आणि तो मागं घेता येत नाही, हे दोघांना एकमेकांसमोर सांगतो. जामीनदाराची बायको आली असेल तर तिलाही बसवतो. वेळ जातो. नवे मॅनेजर म्हणतात, तुमच्या टेबलाला रांग फार. शिकण्यासारखं एवढंच होतं, आणि ते शिकायला माझं काहीच गेलं नाही. गेलं ते दुसरीचं.

त्या दिवशी मी उठलो आणि म्हणालो, "सुजाता, चुकलं माझं. मी आत्ता कोडोलीला जातो, टेलरना सगळं सांगतो. हात जोडतो."

तेव्हा ती चिडली. तोवर चिडली नव्हती.

"खाली बसा," ती म्हणाली. "परत तुमचंच चाललंय. तुमास्नी काय, जाणार, हात जोडणार, रडल्यागत करणार, आन मोकळं होऊन गाडीला किक मारणार. आबांनी काय करायचं त्याचं? त्यांनी मला भिऊन दिली, सर. आजवर स्वतःला सांगत आल्यात की इलाज नव्हता, बँकेचा कायदा हुता. आता तुमी जाऊन सांगणार, कायदा नव्हता, भ्यायचं कारणच नव्हतं. मरंल की माणूस. सहा वर्सं येतोय तुमच्या बँकेत आमी. माझी मार्कं बघितलासा, म्हशी मोजलासा, आबांची शिलाई मोजलासा. दुसरा जामीनदार चालंल का म्हटलं तवा 'का गं' म्हणून विचारलासा? एवढं दोन शब्द न्हाय निघालं तोंडातनं. जगाचं आवाज निघत्यात. आन त्यो हिशेब खरा निघाला बरं का तुमचा. माझ्या वर्गातल्या तिघी शिकवायला लागल्यात, हप्ता भरून. मी हितं बसून मोजतोय त्यांचं पगार. आता आबास्नी काय बी सांगायचं न्हाय. डेअरीचं बिल काढायला आलं, तर उभं राहून खुर्ची द्या आन गप बसा. त्यांच्यासमोर नक्कल न्हाय, सॉरी न्हाय, काय न्हाय. एवढं तरी जमतंय का बघा. च्या घ्या त्यो, गार व्हायलाय."